तूर म्हणजे हो, हरभरा म्हणजे नाही

देवासला ज्या घरात मी वरची खोली भाड्यानं घेतली होती, तिथं पहिल्याच संध्याकाळी घरमालक जिना चढून आले आणि त्यांनी माझ्या तळहातावर एक तुरीचा दाणा आणि एक हरभरा ठेवला. मला वाटलं प्रसाद असेल. मी हात तोंडाकडे नेला.

"अगं अगं, मत खाऊ नकोस!" ते ओरडले.

मी हात खाली घेतला. ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर दम खात उभे राहिले आणि मग त्यांनी शांतपणे समजावलं. तूर म्हणजे हो, हरभरा म्हणजे नाही. आजचा प्रश्न असा की रात्री भरली वांगी करावीत का.

"पण मी तर भाडेकरू आहे," मी म्हटलं.

"भाडेकरूला वांगी लागत नाहीत? छपराखाली राहतो तो मतदार. छप्पर ज्याचं त्यालाच मत, असली राजेशाही आपल्याकडे नाही."

खाली स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोन मडकी होती. प्रत्येकाच्या तोंडाला कामावरच्या जुन्या डांगरीची निळी बाही सुतळीनं बांधलेली. बाहीत हात घालायचा, हवा तो दाणा पहिल्या मडक्यात टाकायचा आणि नको तो दुसऱ्यात. बाहीमुळे कोणता दाणा कुठं पडला ते कुणाला दिसायचं नाही. मी हात घातला तेव्हा आत कोपरापर्यंत यंत्राच्या तेलाचा वास आला. वांगी मंजूर झाली. मोजलेले दाणे काकूंनी उचलले आणि उद्याच्या आमटीसाठी भिजत टाकले. त्या घरात रोज मतं पडायची, मोजली जायची आणि दुसऱ्या दिवशी शिजायची.

"यांच्या लोकशाहीत निवडणूक रोज असते," काकू मला म्हणाल्या, "आणि भांडी रोज मी घासते."

मी त्यांना काका-काकू म्हणत असे. मी धारची. आमच्या घरी आई मराठीत रागवायची, बाबा हिंदीत समजूत काढायचे आणि शाळा इंग्रजीत गप्प बसवायची. त्यामुळे तिन्ही भाषांत गप्प बसणं मला छान जमायचं. काकांना ही माझी मोठीच पात्रता वाटली. पण ते पुढे.

काकांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले ते तंबू ठोकायला. आजोबा दरबारच्या फरासखान्यात होते, म्हणजे तंबू, कनाती आणि गालिचे सांभाळायचं खातं. देवासला तेव्हा दोन राजे. थोरल्या पातीचा एक, धाकट्या पातीचा दुसरा, आणि गावातून जाणारा रस्ता दोघांमध्ये वाटलेला. काका ही गोष्ट सांगताना नेहमी उभे राहायचे आणि डावा हात एका राज्यात, उजवा दुसऱ्या राज्यात धरायचे.

"एवढंसं गाव, दोन राजे. आजोबांनी दोघांचे तंबू ठोकले. पण विचारलं का कुणी, की बाबा रे, तुला यातला कोणता हवा?"

"विचारलं असतं तर काय म्हणाले असते?" काकू आतून म्हणायच्या. त्यांचं माहेर धाकट्या पातीच्या बाजूचं.

"हरभरा म्हणाले असते. दोघांनाही."

"विचारलं का?" हे काकांचं पालुपद होतं. नगरपालिकेनं गल्लीतला दिवा या खांबावरून त्या खांबावर नेला. विचारलं का? न्हाव्यानं कानाजवळचे केस जरा जास्त घेतले. विचारलं का? एकदा सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजींनी त्यांना सांगितलं की आता आचमन करा. काकांनी पळी हातात धरली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला पूजेत हसू आलं.

काकू मतदानाच्या विरोधात नव्हत्या. त्यांनी ते फक्त ताब्यात घेतलं होतं. त्यांना एखादी गोष्ट मंजूर करून घ्यायची असली की त्या दिवशी डब्यात हरभरा नसायचा.

"अहो, हरभरे भिजत घातलेत."

"सगळे?"

"सगळे."

"विरोधी पक्ष पाण्यात बुडवून निवडणूक घेतेस तू," काका म्हणायचे. पण घ्यायचे. एकदा त्यांनी काकूंनी भावाकडे चार दिवस जावं का, हा प्रश्न मडक्यावर ठेवला. काकूंनी दोन्ही दाणे त्यांच्या हातात परत दिले, पिशवी उचलली आणि बसस्टँडवर गेल्या. चार दिवस आम्ही पोहे खाल्ले. रोज पोहे की उपमा यावर मतदान झालं. उपमा दोघांनाही येत नव्हता.

हे सगळं गमतीचं वाटतं आणि होतंही. पण काका हे गंमत म्हणून करत नव्हते. ते शेव-फरसाणाच्या एका कारखान्यात जन्मभर फिटर होते आणि निवृत्त झाल्यावरही तिथल्या युनियनचे अध्यक्ष होते, कारण दुसरं कुणी उभंच राहत नसे. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी तेल तपासायला लागले होते. म्हणजे मी ऑफिसची. युनियनमध्ये मत फक्त पर्मनंट पुरुषांना. आणि पॅकिंगला होत्या बाया. त्या ठेकेदाराकडून आलेल्या, म्हणून युनियनमध्ये वर्गणीपुरत्या सभासद. मत नाही.

त्यानं काय अडत होतं ते शिफ्टची बस पाहिली की कळायचं. टोंकखुर्दकडून सकाळी एक बस कामगारांना घेऊन यायची आणि संध्याकाळी सोडायची. बस कमिटीत युनियनचा एक माणूस असायचा. तो ठरवणार बस कधी सुटणार आणि कोण बसणार. हा माणूस वर्षानुवर्षं तोच होता. तो ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसायचा, म्हणून सगळे त्याला फर्स्ट सीट म्हणत. त्यानं ठरवलं होतं की पर्मनंट बसतील, ठेक्याच्या बाया उभ्या राहतील, आणि संध्याकाळी पर्मनंटांचं कार्ड पंच झालं की बस सुटेल. बायांना शेवटची खोकी बंद करून, मिरचीचे हात धुऊन फाटकापर्यंत यायला वेळ लागायचा. मग बस गेलेली असायची. मग रस्त्यावर उभं राहून मिळेल त्या टेम्पोत चढायचं.

त्यांच्यात सगळ्यांत मोठी एक बाई होती, तिला सगळ्या जीजी म्हणत. गुडघे दुखायचे तिचे. ती एकदा काकांच्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "काका साब, अपने को बस में सीट नी चइये. बस इत्तो पूछ लेवे कि चलें क्या? हाथ धो लिए क्या?"

काका एकदम उठून उभे राहिले. त्यांचं पालुपद दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं.

तेव्हापासून त्यांचा एकच ध्यास. पॅकिंगच्या बायांना युनियनमध्ये मत. पण नियम बदलायला आधी पर्मनंट सभासदांनी तसं मत द्यायला हवं होतं. ज्यांच्याकडे मत आहे त्यांनाच विचारायचं, की दुसऱ्यांना द्यायचं का.

फर्स्ट सीट म्हणाला, "उनको वोट डालना आता भी है, काका साब?"

म्हणून काकांनी बायांची रंगीत तालीम घेतली. जेवणाच्या सुट्टीत, फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली, दोन्ही मडकी बाह्यांसकट. मला निवडणूक आयोग नेमलं.

"मी कशाला?" मी म्हटलं.

"तू कुणाशी बोलत नाहीस. कुणाच्या बाजूची आहेस ते मला वर्षभरात कळलेलं नाही. यापेक्षा चांगला आयोग दिल्लीत तरी आहे का?"

प्रश्न सोपा ठेवला होता. बस पाच मिनिटं थांबावी का. बाया एकेक करून आल्या, पदर डोक्यावर ओढून बाहीत हात घातला आणि गेल्या. पुरुष डबे खात बघत होते. शेवटी मी पहिलं मडकं उचलायला गेले तर ते उचलेना. आत तूर होती. गळ्यापर्यंत. बाया घरूनच पदराला गाठ मारून तूर घेऊन आल्या होत्या आणि प्रत्येकीनं मूठ मूठ टाकली होती.

"अगं, एक दाणा सांगितला होता!" काका मराठीत ओरडले आणि मग हिंदीत. "एक! एक आदमी, एक दाना!"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. जीजी पुढे आली. "एक दानो कुण नाखे, काका साब? सुहागन का हाथ से भरा बरतन में एक दानो? अपसगुन होवे. मंगता ने बी मुट्ठी भर देवां."

भिकाऱ्यालाही मूठभर घालतात, हे खरंच. आमच्याकडे ओटी भरताना कुणी एक दाणा घालेल का?

फर्स्ट सीट डबा बंद करत म्हणाला, "मैडम, कित्ते परसेंट वोटिंग हुई? तराजू मँगवाऊँ?"

सगळे हसले. मलाही हसू येत होतं, पण आयोगानं हसायचं नसतं. काका मात्र मडक्यात हात घालून शोधत होते, अगदी तळापर्यंत. मग वर बघून म्हणाले, "यात एकही हरभरा नाही. असा कौल मी जन्मात पाहिला नाही."

घरी जाताना ते सगळी वाट विचार करत होते. बायांना बदलावं की मडकं बदलावं, एवढाच प्रश्न होता, आणि त्यांनी तिसरं काढलं. पुढच्या तालमीला दोन मडक्यांच्या आधी एक टोपली आली. आधी टोपलीत मूठभर टाका, शकुनाची. मग मडक्यात एक दाणा, मताचा. बायांना ते लगेच पटलं. टोपलीतल्या तुरीची आमटी काकू करायच्या आणि दुसऱ्या दिवशी फाटकावर सगळ्यांना, पुरुषांनासुद्धा, वाटी वाटी मिळायची. त्यामुळे तालमींना गर्दी वाढत गेली.

मग खरं मतदान आलं. एका धर्मशाळेच्या हॉलमध्ये पर्मनंट सभासदांची सभा. आतापर्यंत युनियनमध्ये सगळं हात वर करून व्हायचं. काका काहीही मांडोत, हात वर. त्यांचा मान होता. कित्येकांना त्यांनीच पाना धरायला शिकवलं होतं. सभेच्या आदल्या दिवशी काकूंनी जेवता जेवता सरळ विचारलं.

"हात वर करायला सांगणार ना?"

"मडकी नेणार."

"अहो, मडक्यात हरभरे पडतील. त्या लोकांना सीट सोडायची नाहीये. तुमच्या तोंडासमोर नाही म्हणायची त्यांची टाप नाही. हात वर करायला लावा, बायांचं काम होऊन जाईल. मग बसा तुमच्या मडक्यांपाशी."

काकूंचं म्हणणं मला पटलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मी खाली ताटात पाहिलं, आणि ते त्यांना कळलं.

"हात वर जातो तेव्हा माझ्याकडे बघून जातो," काका म्हणाले. "दाणा पडताना कुणी कुणाकडे बघत नाही. मला हात नकोत. मला तो दाणा हवाय."

"आणि नाही मिळाला तर?"

"मग नाही मिळाला."

नाही मिळाला. मी हॉलच्या कोपऱ्यात सतरंजीवर मडकं पालथं केलं तेव्हाच दिसत होतं. हरभऱ्यांचा ढीग मोठा होता. मी दोनदा मोजलं. मग उभी राहून निकाल सांगितला, पण माझा आवाज पहिल्या रांगेपलीकडे गेला नाही. मागून "क्या बोली, क्या बोली?" सुरू झालं. तेव्हा काका खुर्चीवरून उठले आणि त्यांनी स्वतःच मोठ्यानं, छान खणखणीत आवाजात सांगितलं की प्रस्ताव पडला आहे, सर्वांचे आभार, चहा बाहेर आहे. लग्नात जेवणाचं बोलावणं करतात तसं.

बाहेर बाया उभ्या होत्या. काका त्यांच्याशी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. जीजी म्हणाली, "चलो, बस तो गी," आणि त्या सगळ्या रस्त्याच्या कडेनं टेम्पो शोधायला निघाल्या.

दुसऱ्या दिवशी काकूंनी त्या हरभऱ्यांची उसळ केली. काका मान खाली घालून जेवत होते. शेवटी म्हणाले, "मीठ कमी आहे. बाकी पराभव बरा शिजलाय."

काकूंनी त्यांच्या ताटात आणखी वाढली.

मला वाटलं होतं आता हे थंडावेल. पुढच्याच आठवड्यात काका भल्या सकाळी स्वेटर आणि मफलर घालून निघाले. काकूंनी मला उठवलं. "जा गं त्यांच्याबरोबर. टोंकखुर्दला जाऊन शिफ्टच्या बसनं परत येणार म्हणतायत. कुठंतरी पडतील."

आम्ही एका दुधाच्या गाडीतून टोंकखुर्दला पोचलो. बस उभी होती. पर्मनंट आधी चढले आणि बसले. मग बाया चढल्या आणि उभ्या राहिल्या. मग काका चढले आणि बायांच्या मध्ये, दांड्याला धरून, उभे राहिले.

फर्स्ट सीट ताडकन उठला. "काका साब! आओ, इधर बैठो."

"नहीं भिया, तुम बैठो. तुम्हारा वोट है. मेरा नहीं है."

"आपका कैसे नी है? आप तो अध्यक्ष हो."

"अध्यक्ष हूँ, वोट छोड़ दिया. जब तक इन लोगों को नहीं, तब तक मुझे भी नहीं. बिना वोट वाले खड़े रहते हैं ना? तो मैं खड़ा हूँ. तुम बैठो, आराम से बैठो."

आता माळव्यातला माणूस काहीही करेल, पण ज्यानं हातात पाना धरायला शिकवलं तो सत्तरीचा म्हातारा डोळ्यांसमोर दांड्याला लटकतोय आणि आपण बसलोय, हे त्याच्याकडून होत नाही. फर्स्ट सीट उभाच राहिला. त्याच्या मागचाही उठला. मग त्याच्या मागचा. बस निघाली तेव्हा सगळे पुरुष उभे होते. सगळ्या बाया उभ्या होत्या. काका उभे होते, मी उभी होते. आणि सगळी सीटं रिकामी.

बस वळणावर झुकली की आम्ही सगळे एकदम एका बाजूला जायचो आणि एकदम परत यायचो. ड्रायव्हर आरशात बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "अरे कोई तो बैठो यार! मेरे को डर लग रिया है."

कुणी बसेना. पुरुषांना काकांची लाज वाटत होती, बायांना उभ्या पुरुषांची. काका खिडकीबाहेरचा गहू बघत होते, जणू त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. अर्ध्या वाटेवर जीजीनं एक लांब सुस्कारा सोडला, पदर सावरला आणि ती सरळ जाऊन पहिल्या सीटवर बसली. ड्रायव्हरच्या मागची, खिडकीची.

"म्हारा गोडा दुखे, भिया," ती गुडघे चोळत म्हणाली. "तुम सब करो सरम. मैं तो बैठी."

फर्स्ट सीटनं काकांकडे पाहिलं आणि दांडा दुसऱ्या हातात घेतला.

काका रोज जायला लागले. पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांनी नेम चुकवला नाही. पाय सुजायचे, काकू संध्याकाळी मिठाच्या पाण्याची बादली तयार ठेवायच्या आणि बडबडायच्या. "विचारलं का मला, उभं राहण्याआधी?" काका म्हणायचे, "घे मतदान." काकू म्हणायच्या, "हरभरे संपलेत. तुमच्या युनियननं सगळे वापरले." बसमध्ये हळूहळू एकेक जण बसायला लागला, पण आधी मागे बघून. आजूबाजूच्या बाईला विचारून. "बैठूँ क्या, बेन?" आधी चिडून विचारायचे, मग सवय झाली.

नवीन वर्षात काकांनी पुन्हा प्रस्ताव मांडला. काकूंनी या वेळी हातांचा विषय काढला नाही. मी मडकं पालथं केलं. तूर होती. भरपूर नव्हती, पण हरभऱ्यापेक्षा जास्त. पुरुषांनी ती बायांच्या हक्कापायी टाकली की स्वतःच्या पायांपायी, हे मतदान गुप्त असल्यामुळे कळायला मार्ग नव्हता. काकांना मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "हीच तर त्यातली मजा आहे."

बायांचं पहिलं मतदान होतं ते बस कमिटीच्या माणसासाठी. एका बाजूला फर्स्ट सीट. दुसऱ्या बाजूला जीजी. सभा पुन्हा कडुनिंबाखाली, सुट्टी झाल्यावर, बस फाटकाशी उभी. काकांनी मडकी स्वतः घासून आणली होती, बाह्या धुतल्या होत्या. टोपली ठेवली. बायांनी आधी शकुनाची मूठ टाकली. आणि मग जीजी मडक्यापाशी न जाता मध्येच उभी राहिली.

"काका साब, एक बात पूछनी हे. मटकी में नी डालें तो चले?"

"मतलब?"

"हाथ ऊँचो करके देवां."

काकांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांना आजोबांचा तंबू पाडायला सांगितलंय. त्यांनी फाटकाकडे बोट केलं. तिथं ठेकेदाराचा मुनशी उभा होता. मोबाईल काढून आमच्याकडे धरलेला. सभेत कोण येतं, काय करतं, हे तो ठेकेदाराला दाखवणार, हे सगळ्यांना माहीत होतं. ठेक्याच्या बाईला उद्यापासून येऊ नको म्हणायला कागदसुद्धा लागत नाही.

"ये देख रही हो?" काका म्हणाले. "इसीलिए तो मटकी है. इसमें कोई तुम्हारा बाल बाँका नहीं कर सकता. जन्मभर इसके लिए..." पुढचं ते मराठीतच बोलले आणि अर्धवट सोडलं.

जीजीनं मुनशीकडे पाहिलं. ती घाबरली नव्हती असं नाही. पदर धरलेली मूठ घट्ट होती. "सब काम तो घूँघट में करा हमने," ती म्हणाली. "ब्याह बी, रोना बी. अब वोट मिल्यो, वो बी मटकी में मुंडो घाल के देवां? एक बार तो खुल्ला में देने दो."

काकांनी मडक्यांकडे पाहिलं. मग त्यांनी जे केलं ते फक्त तेच करू शकले असते. ते म्हणाले, "यावर मतदान घेऊ. मडक्यात. तूर म्हणजे हात वर."

घेतलं. मी मोजलं. त्यांनी मला पुन्हा मोजायला लावलं. मग स्वतः मडक्यात हात घालून तळ चाचपला, कुठं एखादा हरभरा चिकटून राहिलाय का ते बघायला. काही मिळाले. पुरेसे नाही मिळाले.

"ठीक आहे," काका म्हणाले, आणि वळून कडुनिंबाच्या खोडाकडे तोंड करून उभे राहिले. "घ्या मत. पण मी बघणार नाही. माझ्यासाठी मत गुप्त असतं."

मी नावं पुकारली. जीजीसाठी म्हटल्यावर पहिला हात वर गेला तो मागून, एका अगदी तरुण बाईचा. मिरची आणि हळदीनं पिवळा-लाल. मग शेजारचा. मग सगळेच. पुरुषांतलेही काही हळूहळू, खांद्यापर्यंत, जणू कान खाजवताहेत असे. मुनशीचा मोबाईल धरलेला हातही इतका वेळ वर होता. फर्स्ट सीट हरला होता, पण त्याला ते दिसलंच. "मुंशी जी का बी गिन लो, मैडम!" तो म्हणाला आणि सगळे हसले. मुनशीनं हात झटकन खाली घेतला.

माझं मोजून झालं. "हाथ नीचे," मी म्हटलं. कुणी घेतले नाहीत.

"काका साब, पलटो," जीजी म्हणाली.

"नहीं पलटूँगा."

"हमने खोल दिया, अब आप काय को मुंडो फेर रिया हो?"

"तुमने खोला. मैं क्यों देखूँ?"

"आप नी देखोगे तब तक कोई हाथ नीचे नी करेगो. उभा रो दिवाली तक. आपने बी तो सबको उभा राख्या था."

बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कुणी हललं नाही. हात दुखायला लागले असतील. एकीनं डाव्या हातानं उजव्याला टेकू दिला. खोडावर मुंग्यांची रांग चालली होती आणि काका तिच्याकडे लक्ष देऊन बघत होते.

मग ते वळले. त्यांनी घाई केली नाही. एकेक हात पाहिला, पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत, पुरुषांचेसुद्धा, आणि मध्ये कुठं थांबले की तो हात जरा आणखी वर व्हायचा. सगळे पाहून झाल्यावर ते मराठीत, स्वतःशीच म्हणाले, "झालं माझं काम."

"काई बोल्या?" जीजीनं मला विचारलं.

"बोले, हाथ नीचे कर लो," मी म्हटलं, "नहीं तो बस निकल जाएगी."

"अब कैसे निकल जावेगी?" जीजी म्हणाली, आणि हात धुवायला आरामात नळाकडे निघाली.